वाळवंटातली चौतिसावी मोजणी

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. हे वाचून तुम्ही चिडणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा जे आहे ते सरळच सांगते.

वाळवंटातल्या पक्ष्यांच्या मोजणीचा अहवाल यंदा मेमध्ये मंडळापुढे जायचाय. दक्षिणेच्या खाऱ्या मैदानात खाण काढायचा अर्ज आलाय, आणि तिला जमिनीखालचं पाणी द्यायचं की नाही हे मंडळ त्या अहवालावरून ठरवणार. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की हाताने केलेली मोजणी आता जुनी झाली. तुमच्या एकसष्ट ठिकाणी आवाज टिपणाऱ्या पेट्या बसवायच्या. यंदापासून तुम्ही मोजायचं नाही. तेहतीसही वह्या बुधवारी जीपवाल्याबरोबर पाठवून द्या, असं त्यांनी मला लिहायला सांगितलंय.

आता माझं म्हणणं. तुम्ही इकडे या. मागची खोली रिकामी आहे. खिडकीसमोर झाड आहे, झाडावर कावळे आहेत. मोजायचेच असले तर ते मोजा. सहासष्टाव्या वर्षी त्या पत्र्याच्या छपराखाली एकटीने राहण्यात काय शहाणपण आहे? दादा गेला तेव्हा तिथे गाडी पोचायला पाच तास लागले होते. अकरा वर्षं झाली, पण ते पाच तास मी विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात मी चारदा फोन केला. चारही वेळा लाईन खराब आहे म्हणून तुम्ही ठेवून दिलात. त्याच फोनवर मी जीपवाल्याशी स्वच्छ बोलले. माझ्यावर रागावला आहात का?

तुमची,
ठमी


११ फेब्रुवारी

ठमे,

रागावले नव्हते. आता रागावले आहे.

वह्या येणार नाहीत, मी येणार नाही, आणि मोजणी थांबणार नाही. ही तीन उत्तरं साहेबांना दे. बाकीचं पत्र तुझ्यासाठी आहे.

पेट्या बसवा, माझी ना नाही. पण पेटीला खाली मान घालून चोच उघडी ठेवून बसलेला पक्षी दिसतो का? परवा अकराव्या ठिकाणी एक चंडोल कुंपणाच्या खांबाच्या सावलीत बसला होता. खांबाची सावली ती केवढी, माझ्या मनगटाएवढी. सावली सरकली की तोही सरकायचा. मी तासभर बघत होते. दाणा नाही, गाणं नाही, माणूस आल्यावर उडणंसुद्धा नाही. नुसता सावलीबरोबर सरकत होता. फेब्रुवारीत, ठमे. पूर्वी हे मी जूनमध्ये बघायचे.

तुझ्या दादाने आणि मी पहिली मोजणी केली तेव्हा सकाळच्या सहा मिनिटांत एका ठिकाणी लिहून हात दुखायचा. प्रत्येक ठिकाणी सहाच मिनिटं उभं राहायचं, दिसेल ते आणि ऐकू येईल ते लिहायचं, मग पुढचं ठिकाण. एप्रिलच्या नऊ सकाळी, तीच वाट, तेच दगड. तेहतीस वर्षांत एकही एप्रिल चुकला नाही. हे गेले त्या वर्षीही नाही. तेव्हा लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. असेन. दगड जागचा हलत नाही, तेवढं बरं.

सगळेच पक्षी कमी झालेत असं मी म्हणत नाही. कावळे आणि पारवे रस्त्याकडेला वाढलेत. माणूस जिथे टाकून देतो तिथे ते असतात. जे माणसाचं काही खात नाहीत तेच चाललेत.

वह्यांच्या नकला काढून पाठवते. मूळ वह्या माझ्या पेटीत राहतील. आणि लाईन खराबच आहे.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र हाती आल्यावर उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले, कारण पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती.

मोजणी थांबवा, ही टिप्पणी साहेबांची नाही. माझी आहे. त्यांनी फक्त सही केली, आणि तीही आनंदाने. खाणवाल्यांचा अर्ज त्यांच्या टेबलावर बरेच दिवस घोटाळत होता, त्यांना निमित्तच हवं होतं. ते निमित्त आकडेवारी विभागाची प्रमुख म्हणून मी दिलं. का, ते ऐका.

तुमच्या गेल्या दहा वर्षांच्या तक्त्यांमध्ये मी पक्षी आवाजाप्रमाणे वेगळे केले. ज्यांचा आवाज खर्जातला, ते होले आणि पखुर्ड्या, या दहा वर्षांत दहात तीन कमी झालेत. ज्यांचा आवाज अगदी वरच्या पट्टीतला, तो लहान चंडोल आणि ती वटवटी, ते दहात आठ कमी. मधल्या पट्टीतले मधे. इतकं सरळ, की जिन्याच्या पायऱ्या वाटाव्यात. उन्हाला आवाजाची पट्टी कळत नाही, वहिनी. कानाला कळते.

मी हे साहेबांना दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे पक्षी म्हातारे झालेले नाहीत, मोजणारी झाली." मला ते आवडलं नाही. पण आकडे माझेच होते. खोटा आकडा आपल्या बाजूचा असला तरी तो मी पुढे पाठवणार नाही. हे मी दादाकडूनच शिकले.

म्हणून विचारते, आणि राग आला तरी उत्तर द्या. तुम्हाला ऐकू येतं का?

ठमी


२६ मार्च

ठमे,

पाच आठवडे लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, वहिनीने तोंड फिरवलं. पहिला आठवडा तसंच होतं. तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. मग वाटलं, चूल विझली की उत्तर तरीही द्यावंच लागेल.

येत नाही. मला नीट ऐकू येत नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सव्विसाव्या ठिकाणी झुडपाच्या शेंड्यावर लहान चंडोल बसला होता, माझ्यापासून वीस पावलांवर. गळा फुगलेला, चोच उघडमीट करतेय, शेपूट थरथरतेय. तो गात होता आणि मला काहीही ऐकू आलं नाही. मी कानावर हात आपटून बघितला. मग वहीत त्याच्यापुढे 'दिसला' अशी खूण केली आणि पुढे गेले. कोणाला सांगितलं नाही. या कामाखेरीज माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि हेही हातचं जाईल या भीतीने मी माझ्याच कानांकडे कानाडोळा केला. फोनवर मला तुझा आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. लाईन कधीच खराब नव्हती.

तुझं पत्र आल्यावर जीपवाल्याबरोबर शहराकडे गेले आणि कानाच्या डॉक्टरकडे तपासून घेतलं. काचेच्या खोलीत बसवून त्याने माझ्या हातात एक बटण दिलं. ऐकू आलं की दाबा, म्हणाला. मी बटण धरून बसले. तो काचेपलीकडून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बराच वेळ झाला तरी काही सुरू होईना. मग त्याचा चेहरा बघून कळलं, की सुरू होऊन बरंच काही होऊन गेलंय. कागद सोबत जोडला आहे. डोळेही तपासले. चष्मा लावला की डोळे शाबूत आहेत, तोही कागद जोडला आहे. मंडळापुढे लाव. लपवायचं नाही.

आता पुढचं ऐक, कारण मी हरले असं वाटून तू पत्र खाली ठेवशील.

तुझ्या दादाची एक सवय होती, तिच्यावरून मी त्यांच्याशी पहिली दोन वर्षं भांडले. पक्षी दिसला तर उभी रेघ, नुसता ऐकू आला तर गोल. मी म्हणायचे, पक्षी तो पक्षी, दोन खुणा कशाला? ते म्हणायचे, असू दे. तर मी बारा दिवस बसून तेहतीसही वह्यांतले सगळे गोल वगळले. एकूण एक. फक्त रेघा मोजल्या. डोळ्यांनी पाहिलेलेच पक्षी. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षी सरासरी आठशे चाळीस. शेवटच्या पाच वर्षांत तीनशे नव्वद.

माझे कान काढून घे, ठमे. तरीही निम्म्याहून जास्त पक्षी गेलेलेच आहेत.

नकला पाठवते आहे. तूच तपास. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो आता तुला परवडणार नाही. आणि एप्रिलच्या नवव्या तारखेला मोजणी सुरू होते आहे. कोणी थांबवायला आलं तर त्याला सहा मिनिटं गप्प उभं राहायला सांगेन. तू येशील? माझ्याशेजारी उभी राहा, पण तुझी वही वेगळी, माझी वेगळी. एकमेकींच्या वहीत बघायचं नाही.

इथे यायला तुझा जीव का घाबरतो हे मला माहीत आहे. ते पाच तास मीही मोजले होते. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुमच्या रेघा मी तीनदा तपासल्या. एका जागी तुम्ही सातचा एक धरलाय, बाकी सगळं बरोबर. आठशे चाळीस आणि तीनशे नव्वद.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटाही केला नाही. म्हणाले, "तीच बाई, त्याच वह्या. ज्या माणसाने पाच वर्षं कान लपवले, त्याचे डोळे मी का मानू?" मी म्हटलं, "म्हणून तर मी स्वतः जाते मोजायला." ते म्हणाले, "तुमचं काम टेबलावर आहे." मी रजेचा अर्ज दिला. संध्याकाळी तो परत आला, नामंजूर.

मी सोमवारी निघते.

तुमच्या त्या शेवटच्या ओळीबद्दल. त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं हे मला माहीत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो खाटेवर एकटा होता आणि तुम्ही फोनपाशी. मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. आपण दोघी शहाण्याच.

दुर्बीण माझ्याकडे नाही. टोपी आहे, आणि दादाने शिकवलेले पक्ष्यांचे आवाज अजून ओळखते.

ठमी


२९ एप्रिल

ठमे,

तुला जाऊन आठवडा झाला. मंडळापुढे माझ्या शब्दांत काही लिहून दे म्हणालीस, ते आधी लिहिते. हे जसंच्या तसं वाच.

"मी तेहतीस वर्षं हे पक्षी मोजले. त्यातली शेवटची काही वर्षं मला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नव्हते आणि मी ते सांगितलं नाही. ही माझी चूक आहे. यंदा माझ्याबरोबर चांगल्या कानांच्या दुसऱ्या बाईने मोजलं. लहान चंडोल मी एकोणीस लिहिले, तिने सत्तावन्न. म्हणजे अडतीस पक्षी मी ऐकलेच नाहीत. पण ज्या वर्षी माझे कान तरुण होते, त्या वर्षी हेच चंडोल याच ठिकाणी दोनशे बारा होते. दोनशे बारातले अडतीस माझ्या कानांत हरवले. उरलेले कुठे गेले ते मंडळाने मला विचारू नये, खाऱ्या मैदानाखालचं पाणी देण्याआधी स्वतःला विचारावं."

शेवटचं वाक्य तू खोडशील. खोडू नकोस.

आता तुझ्यामाझ्यापुरतं. एक गोष्ट तुला तिथे सांगता आली नाही. तू आलीस तेव्हा मला मनातून एकच भीती होती. आपण त्या दगडांपाशी उभ्या राहू, तू भराभरा लिहीत सुटशील, आणि मला कळेल की सगळं रान किलबिलतंय आणि मी एकटीच बहिरी त्याला मेलेलं म्हणत फिरतेय. पहिल्या दोन सकाळी तू लिहीत होतीस आणि मी तुझ्या पेन्सिलीकडे चोरून बघत होते. दुसरीच्या वहीत बघायचं नाही हा नियम मी मोडला, लिहून ठेव.

तिसऱ्या दिवशी एकोणिसाव्या ठिकाणी तुझी पेन्सिल हललीच नाही. सहा मिनिटं झाली. मी विचारलं, "काय ऐकू आलं?" तू म्हणालीस, "काही नाही, वहिनी. वारा." तुला आठवतं, मी खाली बसले? तुला वाटलं ऊन लागलं, तू पाणी दिलंस. ऊन नव्हतं. पाच वर्षं मला कळत नव्हतं, गप्प कोण झालंय, मी की हे रान. त्या दिवशी कळलं. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी एक क्षण मला असं वाटलं, की कोणीतरी माझ्या बाजूने साक्ष दिली.

खाटेपाशी तू बराच वेळ उभी होतीस, ते मी बघितलं. आता तरी ये-जा ठेव.

वहिनी


१७ मे

वहिनी,

झालं. क्रमाने सांगते.

परवानगीवाचून दोन आठवडे गैरहजर म्हणून नोटीस टेबलावर वाट बघत होती. मी ती फाईलला लावली आणि अहवाल पुरा केला. सगळं घातलं. तुमच्या कानाचा कागद, डोळ्यांचा कागद, रेघा, गोल, तुमची वही, माझी वही. साहेबांनी अहवाल वाचला आणि पक्ष्यांचं प्रकरण काढून टाका म्हणाले. त्याऐवजी एक ओळ: 'जुनी आकडेवारी सदोष असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.' खाली माझी सही.

मी म्हटलं, "सदोष कुठे आहे ते मी शोधलं. किती सदोष आहे तेही मी मोजलं. तेवढं वजा करून जे उरतं तो निष्कर्ष."

"तुमच्या भावजयीचं आहे म्हणून जीव तुटतोय."

"भावजयीचं आहे म्हणूनच आधी मी तिलाच पकडलं. तुम्ही नाही."

सही केली नाही. त्यांनी प्रकरण काढून अहवाल पाठवला. मग मी बैठकीला गेले. आकडेवारी विभागाला बोलवायची पद्धत आहे, माझं नाव यादीतून काढायचं ते विसरले होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, पक्ष्यांबद्दल कोणाला काही सांगायचंय का, आणि मी उभी राहिले. तुमचा कागद वाचला. शेवटच्या वाक्यासकट. 'मी ते सांगितलं नाही, ही माझी चूक आहे' ही ओळही ठणठणीत वाचली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाणवाल्यांचे वकील म्हणाले, एक बहिरी आणि एक तिची नणंद, हा काय पुरावा झाला? अध्यक्षबाई म्हणाल्या, "खोटं बोलायचं असतं तर त्यांनी कानाचा कागद जोडला नसता." मग दोन तास वाद झाला. निकाल असा: पाण्याचा निर्णय वर्षभर थांबवला. पुढच्या एप्रिलमध्ये बाहेरचे दोन जाणकार तीच मोजणी करतील, आपल्याशी संबंध नसलेले. आमच्या साहेबांनी स्वतः हजर राहायचं. मी त्या वेळी तिथे असायचं नाही.

म्हणजे जिंकलो नाही. पण बुडालोही नाही.

दुसरी बातमी. मला आकडेवारीतून काढून छापील अर्जांच्या कोठारात बसवलंय. खोलीला खिडकी नाही, माझ्याखाली माणूस नाही, कपाटं मात्र चौदा आहेत. लोक मला भेटायला येतात तेव्हा आवाज खाली करतात, जणू कोणी गेलंय. मी त्यांना चहा देते. पश्चात्ताप झालाय का असं एकाने विचारलं. मी म्हटलं, झालाय, टिप्पणी लिहिण्याआधी वहिनीला विचारलं नाही याचा.

ठमी


१७ एप्रिल

ठमे,

गेल्या अकरा महिन्यांत मी तुला लांब पत्र लिहिलं नाही. ते जाणकार येऊन जाईपर्यंत आकड्यांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. उद्या कोणी म्हणायला नको, की दोघींनी मिळून रचलं. आज नववी सकाळ संपली. आता लिहिते.

दोघं जाणकार भले निघाले. एक उंच, एक खोकणारा. माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मला ते बरं वाटलं. मी फक्त वाट दाखवायची आणि मागे उभं राहायचं, असा हुकूम होता. राहिले. लहान चंडोल त्यांनी बावन्न लिहिले. तू सत्तावन्न लिहिले होतेस. बाकीचे आकडेही तुझ्या आकड्यांच्या आसपासच आहेत, कुठे चार जास्त, कुठे सहा कमी. खोकणारा जाताना म्हणाला, "बाई, ती दुसरी वही कोणाची? तिला कान आहेत." मी म्हटलं, ती सध्या चौदा कपाटं सांभाळते.

पाण्याचं काय होईल ते जूनमध्ये कळेल. देतीलही. खाण झाली तर दक्षिणेची अकरा ठिकाणं जातील, आणि मी उरलेली पन्नास मोजेन. पण 'मोजणारीचा दोष' हे आता त्यांना लिहिता येणार नाही.

तुझ्या साहेबांचं सांगायचं राहिलं. ते आले होते. नवी टोपी, नवे बूट, आणि पाण्याच्या चार बाटल्या. पहिले तीन दिवस जीपमध्येच बसून होते. चौथ्या दिवशी जीपवाला म्हणाला, काच खाली करू का, आतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलंय. तेव्हा खाली उतरले आणि आमच्याबरोबर चालत पंचविसाव्या ठिकाणी आले. जाणकार आपापली वही उघडून उभे राहिले. मी घड्याळ बघून हात वर केला. साहेब माझ्याशेजारी उभे. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टोपी काढून घाम पुसला. चार मिनिटांनी त्यांना राहवेना. माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून म्हणाले, "पक्षी कुठं आहेत?"

मी माझी पेन्सिल आणि एक कोरा तक्ता त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "हेच लिहा, साहेब."

"काय लिहू?"

"शून्य. वर तारीख आणि वेळ घाला. खाली सही करा."

त्यांनी जाणकारांकडे बघितलं. उंच जाणकाराने आपली वही त्यांच्यापुढे धरली. तिथे शून्यच होता. साहेब दगडावर टेकले. मग तक्ता गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं, आणि सही केली, पूर्ण नावाची. मला वाटलं, आता वळून जीपकडे जातील. ते म्हणाले, "आज अजून किती ठिकाणं आहेत?"

मी म्हटलं, "तीन," आणि पुढे चालू लागले.

वहिनी